चारी बाजूंचा आवाज

कुठल्याही हॉलमध्ये पाऊल टाकलं की काका आधी एक खणखणीत टाळी वाजवायचे. मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "पुढून काय, कुणीही ऐकवेल. आवाज मागून आला पाहिजे!" तुमच्याही ग्रुपमध्ये असा एखादा छळवादी असेलच.

आमची डोंबिवलीची हौशी नाटक मंडळी. मी दिग्दर्शक, काका साउंडवाले. दिवसा त्यांची वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी मानपाड्याच्या शाळेत तालमीला हजर, खांद्यावर वायरींची वेटोळी. प्रेक्षकांच्या चारी बाजूंना स्पीकर लावायचे, हा एकच ध्यास.

"काका, इथे पडदा सरकत नाहीये आणि तुम्हाला मागच्या भिंतीचं पडलंय!" मी ओरडायचो. डोकं उठवायचा हो हा माणूस!

एकदा ते शांतपणे म्हणाले, "अरे, उजवा कान चाललाय माझा. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. आणि एका कानाला आवाज कुठून आला ते कळत नाही. दोन्ही आहेत तोवर एकदा भरल्या हॉलमध्ये मधोमध बसून हे ऐकायचंय." म्हटलं, लावा.

स्पर्धेचा प्रयोग. नाटकातली आई वारलेली, पण मुलाला ती घरभर जाणवत असते. उजवीकडून चपला वाजल्या, डावीकडे भांडं पडलं. विंगेत माझ्या अंगावर काटा आला. मग मागच्या दाराजवळच्या स्पीकरमधून आई हळूच म्हणाली, "बाळा, जेवलास का?"

"शूऽऽ!" एक बाई मागे वळून फिस्कारल्या. "गप्पा घरी मारा!"

"अहो, मोबाइल बंद करा तो!" आणखी कुणीतरी.

आई बोलत राहिली, तसा लोकांचा कल्ला वाढला. डोअरकीपर टॉर्च घेऊन बोलणाऱ्या बाईला शोधायला निघाला. बाई कुठली, सापडला स्पीकर! पठ्ठ्याने सरळ पिन उपटली. मग आमचा नायक एकटाच कुणाला उत्तरं देतोय, कुणालाच कळेना. बक्षीस गेलं बोंबलत.

मी मेकअप रूमच्या दारावर लाथ मारली. काका मात्र खूश.

"लोकांना खरी बाई वाटली रे!"

"काका, नाटक पडलं आपलं!"

"पडलं खरं. पण मी कुठे ऐकलं? मी तर विंगेत बटणं सांभाळत होतो. पुन्हा लाव ना. या वेळी मी मध्ये बसतो."

पुन्हा लावायचं म्हणजे काय खाऊ आहे? कधी हॉल मिळेना, कधी नायकाला रजा मिळेना. एकदा सगळं जमलं, तर नायिका घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि प्रयोग रद्द. काका दर वेळी विचारायचे, "कधी रे?" आणि मी त्यांच्यावरच खेकसायचो. वैताग आलेला नुसता.

शेवटी प्रयोग लागला. बटणांवर दुसऱ्याला बसवलेलं, डोअरकीपरला आधीच समजावलेलं. काका माझ्या शेजारी, अगदी मधोमध बसले. मागून आई म्हणाली, "बाळा, जेवलास का?" अख्खा हॉल गप्प. पुढची बाई डोळे पुसायला लागली. जमलं होतं!

काकांनी डावा कान माझ्याकडे केला.

"बोलली ना रे आई? ऐकू आलं मला. पण कुठून बोलली?"

मी अंगठ्यानेच मागे दाखवलं.

त्यांनी मान डोलावली. खुर्चीत उलटे वळून बसले आणि नाटक संपेपर्यंत, स्टेजकडे पाठ करून, त्या मागच्या स्पीकरकडेच बघत राहिले.