पाइपवरचे दात

आमच्या शेजारच्या कवळीकरांचं खरं आडनाव इमारतीत कुणालाच आठवत नाही. जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्या, म्हणून कवळीकर. स्वतःच्या तोंडातही कवळीच, आणि तीही जरा सैल. ते रागावून बोलायला लागले की समोरच्याने अर्धं पाऊल मागे सरायचं, हे जिन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न केलं नाही. आमचे हे म्हणतात, दिवसभर लोकांचे जबडे कुरवाळल्यावर घरी आणखी एक जबडा कोण आणेल. यांचं काय जातंय बोलायला.

छंद मात्र एक जडला होता. भंगारबाजारातून मोडके, जुने तंबाखूचे पाइप आणायचे आणि नव्यासारखे करून काचेच्या कपाटात मांडायचे. ओढायचं नाव नाही, वासानेच ठसका लागतो त्यांना. काम चाले मागच्या खोलीत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, त्यामुळे माझं शिक्षण घरबसल्या झालं. आधी लाकडी वाटीतला काजळीचा थर खरवडायचा. मग तिच्यात मीठ भरून वर स्पिरिट ओतायचं, की जुन्या तंबाखूचा वास मिठात उतरतो. राहिली तोंडात धरायची काळी नळी. ती कडक रबराची. पूर्वी कवळ्यांच्या हिरड्याही असल्याच रबराच्या व्हायच्या, म्हणजे माल ओळखीचा. नळीवर जुन्या मालकाच्या दातांचे खड्डे असतात. मंद ज्योतीवर फिरवली की ते आपोआप वर येतात, आणि पॉलिशच्या चाकावर धरली की नळी कोरी.

"परक्याची थुंकी राहता कामा नये," ते मला खिडकीतून सांगत.

"कपाटातल्या वस्तूला चाटणार कोण आहे?" मी म्हणे.

दादा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, वारले आणि वहिनी कवळीकरांकडे राहायला आल्या. कवळीकरांना लहानपणापासून वाढवलं ते याच वहिनींनी. आता त्यांची नजर पार गेलेली. येताना कपड्यांची एक पेटी आणली आणि दादांचा पाइप. तो उशाशी असे. दुपारी खुर्चीत बसून त्या रिकामा पाइप नाकाशी धरत, अंगठा नळीवर फिरवत आणि दादांशी बोलत. भाजी जून निघाली, भाऊजी हल्ली जेवत नाहीत, शेजारीण फार बोलते. माझी बातमी थेट वरपर्यंत पोचते म्हणून मी जरा मानाने वावरत असे.

एक दिवस पाइप खाली पडला आणि शोधता शोधता त्यांचाच पाय त्याच्यावर पडला. नळी जिथे दांड्यात बसते तिथे तो उभा चिरला. वहिनींनी तुकडे ओंजळीत आणून दिले.

"भाऊजी, एवढं नीट करून द्या."

"काळजी करू नका, वहिनी. असा करतो की बघत राहाल," असं म्हणाले आणि जीभ चावली. कवळीने चावली, म्हणजे लागली नसेल फार.

मागच्या खोलीची खिडकी बंद झाली. मला नुसतं चाक ऐकू येत होतं. इतकी वर्षं ज्या क्रमाने हात चालले, त्याच क्रमाने चालले असणार: काजळी, मीठ, ज्योत, चाक.

तयार झाला तेव्हा मी उसनी साखर परत करायच्या निमित्ताने तिथे हजर होते. चिरेवर पितळेची बारीक पट्टी चढवलेली. कपाटातले सगळे पाइप त्याच्यापुढे भंगार वाटले. वहिनींनी दोन्ही हातांत घेतला. अंगठा नळीवर गेला, घसरला, परत मागे आला. मग नाकाशी धरला.

"हा कुणाचा?"

"दादाचाच. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"दवाखान्यासारखा वास येतोय."

"स्पिरिट आहे ते, उडून जाईल."

"आणि इथले दात?"

कवळीकरांनी तोंड उघडलं. आतून नुसतं खट् वाजलं.

"जुना जुळला नसेल तर तसं सांगायचं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "नवा कशाला आणलात?"

"नवा नाही हो. ते दात मीच घासले. तुम्हीच म्हणालात ना, नीट करून द्या म्हणून?"

"नीट म्हणजे जोडून, म्हणाले मी."

"मग... तेच."

"असू दे. छान झालाय," पाहुण्याने आणलेली भेटवस्तू घ्यावी तशा त्या बोलल्या, आणि चाचपडत टेबलावर ठेवून दिला. उशाशी नाही.

त्या दिवसापासून दुपारचं बोलणं बंद. वहिनी खुर्चीत बसतात, हात मांडीवर. माझी चहाडीसुद्धा कुणी करत नाही.

कवळीकरांच्या फळीवर सगळ्या गावाच्या जबड्यांचे साचे आहेत. दादांचा नाही. दादांचे दात शेवटपर्यंत स्वतःचे. घरच्या घरी एक गिऱ्हाईक बुडालं, म्हणून दोघे भाऊ हसायचे. कवळीकर आता नळी गरम करून तिच्यावर स्वतःची कवळी दाबून बघतात. खड्डे पडतात, पण कसे, तर एका ओळीत, शाळेच्या मुलांसारखे. वहिनींनी एकदा अंगठा फिरवला आणि पाइप परत दिला.

काल संध्याकाळी कवळीकरांनी पाइपमध्ये तंबाखू भरला. दादा कुठला ओढायचे ते दोघांनाही माहीत नाही, दादाच आणत. माझ्या खिडकीसमोर बसून काडी लावली, ओढलं, खोकले, डोळे पुसले, पुन्हा ओढलं. धूर पुढच्या खोलीत वहिनींकडे गेला.

तिथून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, कोण आलंय हो?"

त्यांनी पाइप तोंडातून काढला. ठसका थांबेपर्यंत वेळ गेला.

"कोणी नाही, वहिनी."