कापसाच्या खोलीत दिवा नाही

शाळेला नाताळची सुट्टी लागायची तेव्हाच आमच्या घरात कापूस यायचा. नाताळ म्हणजे काय, ते आमच्या धुळ्याकडच्या खेड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबाचा सण, म्हणून मास्तर गावाला जातात, एवढंच. माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, त्या सुट्टीवर चिडून असायची. "सन साहेबले नि घोर माले," म्हणायची. शाळा असली की पोरं एका जागी बसलेली असतात. सुट्टीत ती घरात, आणि घरात कापूस.

घर धाब्याचं, मातीच्या छताचं. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. छताला एक भोक होतं, त्यातून गडी गाठोडी वरूनच ओतायचे. दाराला आडव्या फळ्या लावलेल्या. पंधरा दिवसांत खोली छतापर्यंत पांढरी व्हायची. मी फळ्यांच्या फटीतून बघत बसायचे. एकेक बोंड वेचताना बोटं फाटायची, आणि तेच इथे डोंगर होऊन उभं. हाक मारली तर तो डोंगर ती गिळून टाकायचा. देवळातसुद्धा माझं तोंड असं आपोआप बंद होत नसे.

फुईची दोन बंधनं होती. त्या खोलीच्या आसपास विस्तव नाही. चूल मागच्या पडवीत आणि वडिलांची विडी अंगणात. दुसरं, छतावरच्या भोकावर सपाट दगड होता, तो पोरांनी हलवायचा नाही.

त्या वर्षी मी नऊ वर्षांची, बहीण पाचाची. आई वेचणीला गेली होती. आम्ही दोघी उन्हाला धाब्यावर बसलो होतो. दगड मीच सरकवला. "आधी मी," म्हणून बहिणीने उडी मारली. ढिगावर बसून खदखदा हसली. मग भिंतीकडे घसरली, आणि वरचा कापूस तिच्यामागून सावकाश घसरत आला. आवाज काही नाही. जिथे ती होती तिथे नुसतं पांढरं.

मी दोन हाका मारल्या. मग दगड परत जागेवर सरकवला. मार बसेल म्हणून. लिहायला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. मग शिडीवरून उतरले आणि फुईला सांगितलं.

ती ज्वारी पाखडत होती. सूप टाकून उठली. "कोनती भीत?" एवढंच विचारलं.

"गोठ्याकडची."

आमचा आरडाओरडा ऐकून वडील गोठ्यातून आले ते तिथला कंदील पेटवूनच.

"बाहेर ठेव तो!"

"अक्का, आत काहीच दिसत नही!"

"पोर जाळनी शे का तुले? हात शेतस ना?"

वडिलांनी कंदील अंगणात ठेवला आणि फळ्यांवर पाय देऊन चढू लागले. फुईने धोतर धरून त्यांना खाली ओढलं. "वर चढशी त दाबशी तिले."

तिने वरच्या फळ्या काढल्या आणि पोटावर पडून भिंतीच्या कडेकडेने आत शिरली. कवेने कापूस मागे लोटत होती, आम्ही तो अंगणात नेऊन टाकत होतो. आतून तिचा आवाज आला, जणू दुसऱ्या गावाहून. "बठ्ठं, सारं मऊ शे. टणक लागी ती पोर."

अंगण पांढरं झालं. फुईचे फक्त तळपाय दिसत होते. मग तेही दिसेनात. वडील दाराला धरून उभे होते.

मग तळपाय मागे यायला लागले. फुईच्या मुठीत बहिणीचा घोटा होता. पोरीचं तोंड काळंनिळं, नाकात तंतू. फुईने बोट घालून तोंडातला कापूस काढला, तिला उलटी धरली आणि पाठीत दोन धपाटे घातले. बहीण शिंकली. मग ओकली, मग रडली.

फुईने वर पाहिलं. खोली काळोखी होती. तिला कळलं. पोरगी जिथून पडली त्या भोकावर दगड कुणीतरी परत लावला होता. तिने माझ्याकडे बघितलं. "उजेड व्हता वर. तू झाकी दिधा."

मारलं नाही. चिमूटभर कापूस माझ्या तळहातावर ठेवला. "फुक," म्हणाली. मी फुंकला. तो उडाला, आणि कुठे गेला ते दिसलंही नाही.

ज्याला हातावर वजन नाही, त्याने पोर गिळली होती. मला अजून ते कळलेलं नाही.

संध्याकाळी मी बहिणीला विचारलं, आत काय वाटलं? "गरम व्हतं," ती म्हणाली. "माले नीज येत व्हती."

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या एकाच घरात असतो. थंडीत ती तोंडावर गोधडी ओढून झोपते. मी उठून ती खाली ओढते. ती चिडते. चिडू दे.