नळदुर्गच्या दवाखान्यातला एक शब्द

नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा पाहायचाच, असं ठरवून मी सोलापूर सोडलं. महायुद्धामुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून बस कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतरून चालायचं. तामलवाडीला निजामाच्या नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागतं. निजामी मुलखात चालणारी हाली नाणी आधीच बदलून घ्या. तुळजापुरात भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि रहीमचाचांच्या टांग्यात बसलो.

नळदुर्गच्या अलीकडं रस्त्यात दोन बाया आडव्या आल्या. भुईमूग काढायला सीमेपलीकडून आलेल्या कानडी मजूर. तरण्या बसव्वाच्या कडेवर मुलगी होती, ओकून ओकून गळालेली. चाचांनी काही न विचारता त्यांना टांग्यात घेतलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर हैदराबादहून नुकतेच आलेले. मुलीकडं बघून म्हणाले, "हैजा है. इसे बस्ती के बाहर ले जाओ."

हैजा म्हणजे पटकी. गावाबाहेरच्या पटकीच्या छपरात गेलेलं मूल सहसा परतत नसे. बसव्वाला शब्द कळले नाहीत, पण डॉक्टरांचा हात कुठं दाखवतोय ते कळलं. ती किंचाळली, "औडल! औडल तिंदाळ!"

डॉक्टर गोंधळले. मीही. तेवढ्यात सोबतची म्हातारी, शिवम्मा, चाचांना म्हणाली, "औडल म्हंजी एरंड. पोरीनं एरंडाच्या बिया खाल्ल्यात म्हणतीया."

चाचा डॉक्टरांकडं वळले. "हैजा न्हई साब! बच्ची अरंडी के बीजां खाई!"

डॉक्टरांचा चेहरा पालटला. "अरंडी?" त्यांनी मुलीला तिथंच खाटेवर घेतलं.

कन्नडातून मराठीत, मराठीतून दखनीत एक शब्द हातोहात गेला, आणि एक जीव छपराकडं जायचा थांबला. धबधबा मी दुसऱ्या दिवशी पाहिला. भव्यच आहे, पण अंगावर काटा आला तो दवाखान्यात.

सकाळी मुलगी उठून बसली होती. मी शिवम्माला विचारलं, "मराठी कुठं शिकलात?"

"शिकतंय कोण, बाबा? पोटासाठी ज्या गावाला जावं तिथलं बोलावं लागतं. कचेरीतलं उर्दू तेवढं न्हाय आलं कधी."

सोलापूरला परतून बरेच दिवस झाले. माझ्या घरात कुणी आजारी पडलं, तर मी माझ्याच भाषेत डॉक्टरांना सांगतो. बसव्वाला त्यासाठी दोन माणसं लागली. त्या दिवशी ती दोघंही तिथं होती.