दोन सीटच्या गाडीनं बहिणीला आणायले गेलतो

गाडी दारात लागली तशी सगळ्यात आधी आली ती समोरची कमल, हातातला पिठाचा डबा तसाच घेऊन. तिच्या मागं अर्धी गल्ली. कमलनं गाडीला एक चक्कर मारली अन् मले विचारलं, "काहो काकू, याचं छत कुठी पडलं?" छत नव्हतंच कधी. लाल, बुटकी, दोन सीटची विलायती गाडी ती. माझा मुलगा प्रकाश ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, तिथल्या शेठची. शेठ तरुणपणी तिच्यात बसून यवतमाळात फिरायचे तेव्हा लोक दुकानाबाहेर येऊन पाहायचे म्हणे. पुढं कापसाचे असे काही दिवस आले की जिनिंगला कुलूप लागलं. शेठ नागपूरला पोराकडं गेले अन् जाताना प्रकाशला म्हणाले, गोदामातलं ते धूड तुझं. आम्ही ते बैलजोडीनं ओढून बाभुळगावला आणलं. सीटमध्ये उंदरांनी सरकीची कोठी केली होती, अन् इंजिन पार जाम.

प्रकाशला त्या गाडीत काय दिसलं ते त्याले माहीत. मले एकच दिसलं. माझी धाकटी बहीण वत्सा महागावला राहते. दोन वर्षं झाली, ती माझ्या घरी आली नव्हती. एसटीनं कंबर जाते म्हणे, अन् काळीपिवळीत, म्हणजे त्या भाड्याच्या जीपमध्ये, माणसं बोऱ्यातल्या कापसासारखी दाबून भरतात म्हणे. दोघींची वयं पाहता किती वर्षं असं फोनवरच बोलाचं? मी म्हटलं, दारात गाडी उभी करतो, मग येशील? ती म्हणाली, ते डबडं महागावपर्यंत आलं तर येईन. अन् हसली. ते हसणं मले झोंबलं.

म्हणून गाडी ट्रॉलीत टाकून बोरी अरबला हनीफभाईकडं नेली. हनीफभाई मोठा बोलका मिस्त्री, अर्धं काम तोंडानं करते. जुन्या इंजिनाचं सामान नागपूरलाही मिळेना, तेव्हा त्यानं एका मोडक्या काळीपिवळीचं डिझेल इंजिन आणलं अन् लिंबाच्या फांदीला कप्पी बांधून गाडीत उतरवलं. ते बसेना. मग मागं सरकवलं, तरी बसेना. मग बोनेटला भोक पाडलं अन् त्यावर घमेलं पालथं घालून वेल्डिंग केलं, वरून लाल रंग. लांबून पाहाल तर गाडीला टेंगूळ आल्यासारखं दिसते. अन् मागं सरकवल्यामुळं माझ्या बाजूची पाय ठेवायची जागाच गेली. मी विचारलं तर म्हणाला, "अम्मा, इंजिन त बसलं. आता तुमचे पाय कुठी बसवाचे ते तुम्ही पाहा."

मी मांडी घालून बसली. जन्मभर तशीच बसत आली, मले काय त्याचं. वरून इंजिनाची ऊब थेट गुडघ्याला लागते. थंडीच्या दिवसांत याहून चांगला शेक नाही.

सकाळी निघालो. बाभुळगाव ते यवतमाळ रस्ता गुळगुळीत. पुढं आर्णीकडं खड्डे आहेत, पण गाडी इतकी बुटकी की खड्डा आधी लागते अन् मग दिसते. डोक्याला रुमाल घट्ट बांधा, नाहीतर धूळ केसांत घर करते. दोन्ही बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या, बोंडं वेचून झालेली. आर्णीला थांबून आलूबोंडा खा, रस्सा जास्त मागा, देतात.

आर्णीच्या पुढं गंमत सुरू झाली. आपल्याकडं माणूस काळीपिवळी डोळ्यानं नाही, कानानं ओळखते. आवाज आला की पिशवी उचलून रस्त्यावर. आमचं इंजिन त्याच जातीचं. प्रत्येक फाट्यावर हात वर. एका म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडी होती. प्रकाशनं गाडी थांबवली तर तो गाडीभोवती फिरला, मागंही वाकून पाहिलं अन् म्हणाला, "एवढा आवाज, अन् दोनच सीटा?" कोंबडी घेऊन परत सावलीत जाऊन बसला.

महागावात वत्साच्या दारात पोचलो तर आतून तिचाच आवाज, "काळीपिवळीवाल्याले सांगा, आमच्या इथं कोणी येणार नाही." मग बाहेर आली, मले पाहिलं, अन् दारातच उभी राहिली. रात्री तिनं जेवायले वरण-पानगे केले. मग एकच अट घातली, की वाटेत तिच्या मांडीवर कोणी बसलेलं चालणार नाही.

सकाळी प्रकाश स्टिअरिंगवर बसला, शेजारी मी मांडी ठोकली, अन् वत्सा पिशवी घेऊन उभी. तवा कुठं आम्हा दोघांच्या ध्यानात आलं. प्रकाशला वाटत होतं माय एसटीनं येईल. मले वाटत होतं, होईल काहीतरी.

वत्सा मले बाईच म्हणते. म्हणाली, "बाई, न्यायले आल्या, अन् जागा घरी ठेवून आल्या का?" तिचा मुलगा गजानन म्हणाला, मावशीला मी काळीपिवळीत बसवून देतो. तर वत्सा म्हणे, बाई नसेल तर मीही नाही. पिशवी उचलली अन् घराकडं वळलीच. दोन वर्षांनी आलेला दिवस माझ्यासमोर उंबरठा चढू लागला.

मी म्हटलं, "तुह्या मांडीवर कोणी नाही बसत. तू माह्या मांडीवर बस."

"या वयात? गाव हसंल."

"हसू दे. मांडी तं घातलीच आहे."

ती वाळलेली पऱ्हाटी, वजन काय असणार. अर्धी सीटवर, अर्धी माझ्यावर. खरंच गाव हसलं. आर्णीपर्यंत ती कुरकुरली, इंजिनानं कमरेला शेक लागल्यावर गप्प झाली, अन् यवतमाळात म्हणाली, प्रकाश, बाजारातून एक चक्कर मार ना. मारली. लोक दुकानाबाहेर आले.

तुम्ही असं इंजिन बदलून घेणार असाल तर पायाखाली ओलं पोतं ठेवा, पत्रा फार तापते. माझे पाय चार दिवस माझे नव्हते, तरी घरभर वत्साचा आवाज होता, ते ऐकत पडून राहायलाही बरं वाटे. आठवडाभर आम्ही दोघी एका खाटेवर भांडलो. मग गजानन बायकोसकट न्यायला आला. प्रकाश म्हणाला, हनीफभाईकडून तिसरी सीट लावून घेतो. वत्सानं त्याला चांगलंच झापलं, हनीफभाईनं अजून काही बसवलं तर गाडीत तूच मावणार नाहीस म्हणे. होळीच्या आदल्या दिवशी याच गाडीनं येतो असं तिघंही सांगून गेले.