यानाच्या दारातून मारलेली हाक

धाकटी चार वर्षांची असताना तिला जबर ताप आला. उतरला खरा, पण जाताना तिचे कान घेऊन गेला. घरात मग हातवाऱ्यांची भाषा तयार झाली आणि त्या भाषेत सगळ्यांत वाचाळ निघाला तिचा दादा. शेजारच्यांची भांडणं, मास्तरांच्या नकला, सगळं तो तिला हातांनी रंगवून सांगायचा.

दोघं शाळेत असताना एक सिनेमा लागला होता. पाच मुलं अंतराळयान बघायला जातात, एक वेंधळा रोबो चुकून यान सुरू करतो आणि सगळी वरात थेट ताऱ्यांमध्ये. दादा पडद्याच्या उजेडात हात वर धरून बहिणीला गोष्ट सांगत होता आणि मागचे लोक "हात खाली घे रे!" म्हणून खेकसत होते. पाचांत सगळ्यांत लहान होती एक दोन वेण्यांची मुलगी. धाकटीचे डोळे तिच्यावरच खिळलेले. 'ही काय म्हणते?' असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा दादानं ठोकून दिलं, 'हिलाही ऐकू येत नाही. तुझ्यासारखीच आहे.'

'मग ओठ कसे हलतात?'

'तुझे नाही हलत?'

धाकटीला पटलं. पुढे ती मुलगी एका ग्रहावर चमकणारे दगड वेचत बसते. यान निघायची वेळ होते. बाकीची चौघं दारातून हाका मारतात, पण ती ढिम्म हलत नाही. दार बंद व्हायला लागतं, तेवढ्यात रोबो धावत जाऊन तिला काखोटीला मारून आणतो. थिएटरात शिट्ट्या पडल्या. धाकटी मात्र दादाचा दंड घट्ट धरून बसली होती.

दादा ती थाप विसरूनही गेला. मोठेपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. धाकटी एका मोठ्या लाँड्रीत लागली. हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ गरम रोलरमधून काढायचे, घड्या घालायच्या. लग्न केलं नाही. स्थळं आली होती, तिनंच नाक मुरडलं. राहायला दादाच्याच घरात, वरच्या खोलीत.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ती सतत मान वर करून बघायची. लाँड्रीत सुटीची घंटा वाजली की तिच्यासाठी भिंतीवर एक लाल दिवा लागायचा. एकदा तो दिवा गेलेला होता. ती पाठमोरी घड्या घालत राहिली, बायका गप्पांच्या नादात निघून गेल्या आणि रखवालदारानं मेन स्विच बंद करून कुलूप घातलं. अंधारात, वाफेच्या वासात ती दार बडवत उभी राहिली. थोड्याच वेळात दार उघडलं, सगळ्यांनी माफी मागितली. तेव्हापासून मात्र ती दाराकडे पाठ करून कधी बसली नाही. कुठं जायचं असलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार. घरचे म्हणायचे, हिला भारी घाई.

परवा दादाच्या मुलीला तो जुना सिनेमा सापडला.

"बाबा, यात खाली संवाद लिहून येतात," ती म्हणाली. "आत्याला सगळं वाचता येईल. रविवारी लावू या."

दादाला एकदम आपली थाप आठवली. "कशाला? भिकार सिनेमा आहे तो."

"अहो, तुम्हीच तर इतकी वर्षं कौतुक सांगताय!"

आठवडाभर त्याचं कामात लक्ष लागेना. एका पाटीवर 'सर्व प्रकारचे बूट'ऐवजी 'सर्व प्रकाचे बूट' लिहून बसला आणि दुकानदाराच्या शिव्या खाल्ल्या. बहिणीला काय वाटेल? आयुष्यभर जिला आपली मानली ती मुलगी पोपटासारखी बोलते हे वाचून?

रविवारी दुपारी सिनेमा सुरू झाला तसा तो चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन बसला. चहा उकळून उकळून काळा झाला. मग बाहेरून धाकटीचा मोठा चिरका आवाज आला. ती रडते आहे असं वाटून तो पातेलं तसंच टाकून धावला.

धाकटी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलीनं सिनेमा थांबवला होता. पडद्यावर दोन वेण्या, चमकणारे दगड आणि खाली अक्षरं: 'ऐकू आलं! ओरडू नका! आधी खिसे भरू द्या!'

'ऐकू येत होतं तिला!' धाकटीचे हात भराभर चालले. 'येत होतं, तरी आगाऊ कार्टी जागची हलली नाही!'

'मी थाप मारली होती,' दादाचे हात जड झाले होते. 'तुला कुणीतरी सोबत असावं म्हणून.'

'सोबत कसली! मला वाटायचं, कानांमुळेच ती मागे राहिली. मीही अशीच कुठंतरी राहीन. हाक येईल आणि मला कळणारच नाही. लाँड्रीत कोंडले गेले तेव्हा तीच डोळ्यांपुढे होती.'

दादा तिच्या शेजारी येऊन बसला. हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो काही बोलायला गेला तर तिनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, म्हणजे त्यांच्या भाषेत तोंडच बंद केलं. मग सोडून म्हणाली, 'सुटले रे बाबा. एवढं मोठं ओझं होतं आणि निघालं काय, तर हट्टी पोरगी!'

दादानं इतका मोठा श्वास सोडला की मुलगी खुदकन हसली.

उरलेला सिनेमा तिघांनी मिळून पाहिला. रोबोच्या पाठीवरची चेन उघडी राहिली होती आणि आतला शर्ट दिसत होता. मुलीनं ती जागा पुन्हा पुन्हा दाखवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत धाकटीनं लाँड्रीतल्या बायकांना हातवारे करकरून ही गोष्ट सांगितली. जिथं हात पुरले नाहीत तिथं पाटीवर खडूनं लिहिलं. शेवटी तिनं खाली लिहिलं, 'निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. रोज. ते तुमचं काम.'

"एवढंच ना?" शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली. "आधी सांगायचंस की गं!"

त्या संध्याकाळी चौघीजणींनी एकदमच तिच्या खांद्यावर हात ठेवले, आणि ती दचकून खेकसली.