पुढच्या दाराने

ओडेसा प्रूइटशी विलोबी गावात कुणी वाद घालत नसे. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पळी चालवली होती. आजचा महापौर, पोलीसप्रमुख, दोन बँकांचे मॅनेजर, सगळे हातात ताट घेऊन तिच्यासमोर रांगेत उभे राहिलेले. कोण वाटाणे रुमालात गुंडाळून खिशात घालायचा, हे तिला नावानिशी ठाऊक होतं. अशा बाईशी वाद घालायला छाती लागते, आणि ती जॉर्जियाच्या त्या टोकाला फारशी कुणाकडे नव्हती.

पंच्याहत्तरीला आता फक्त तिचे गुडघे तिच्याशी वाद घालत. "डावा बॅप्टिस्ट आहे आणि उजवा मेथडिस्ट," ती सांगे. "एका वेळी उठायचं म्हटलं की दोन्ही चर्चांचं जमत नाही."

मुख्य रस्त्यावरच्या कॉर्डोव्हा थिएटरमध्ये ती शेवटची गेली तेव्हा हे गुडघे तेरा वर्षांचे होते. तेव्हा सिनेमा बघायला काळ्या माणसांनी बाजूच्या बोळात जायचं, भिंतीतल्या खिडकीतून तिकीट घ्यायचं आणि लोखंडी जिन्याने थेट बाल्कनीत. पुढचं काचेचं दार गोऱ्यांचं. चौदाव्या वर्षी एका शनिवारी ओडेसा नवा फ्रॉक घालून त्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिकीटवाली बाई रागावलीसुद्धा नाही. पोरीला रस्ता चुकलाय अशा आवाजात म्हणाली, "बाजूनं ये गं, बाळ." ओडेसा घरी परतली आणि आईला म्हणाली, "आता जाईन तर पुढच्या दाराने."

ही शपथ पाळायला तिला फारसे कष्ट पडले नाहीत, हेही सांगायला हवं. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, पुढचं दार सगळ्यांना उघडायची वेळ आली, आणि मालकाने थिएटरलाच कुलूप ठोकलं. मग तिथे फर्निचरचं गोदाम झालं, मग छप्पर खचलं, मग बरीच वर्षं कबुतरं राहिली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या हौशी लोकांनी वर्गणी काढून ते पुन्हा उभं केलं. आता तिथे सिनेमा नाही, गाणंबजावणं असतं. खालच्या खुर्च्या काढून उभं राहून नाचायला जागा केली आहे, आणि बसायचं असेल तर फक्त बाल्कनीत.

"आणि बाल्कनीचं तिकीट महाग!" चर्चमधली तिची मैत्रीण लुव्हेनिया म्हणाली. "आपल्याला कोंबायचे तिथे आता हौसेने बसतात."

तरीही ओडेसा गेली नसती. पण तिचा धाकटा भाऊ अलॉन्झो तिथे वाजवणार होता. अलॉन्झो एकाहत्तर वर्षांचा. लग्नं, अंत्यविधी, चर्चचं मासळीचं जेवण, सगळीकडे त्याने गिटार वाजवली होती, पण जाहिरातीच्या फलकावर नाव लागलं ते आयुष्यात पहिल्यांदा. रविवारी दुपारी तीनचा कार्यक्रम.

"ओडी, पहिलंच गाणं आईचं आहे," तो म्हणाला. "इस्त्री करताना म्हणायची ते. लोकांसमोर कधी वाजवलं नाही. तू ऐकायला नसलीस तर मी बरोबर वाजवतोय की चूक, हे सांगणार कोण?"

आता त्या गाण्याचे शब्द पुरते आठवणारी जगात दोनच माणसं उरली होती.

रविवारी तीनला पाच मिनिटं असताना, डोक्यावर जांभळी हॅट घालून, लुव्हेनियासोबत ओडेसा पुढच्या काचेच्या दारातून आत शिरली. कुणी अडवलं नाही. खरं म्हणजे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि एकसष्ट वर्षांनंतर तेवढं तिला जरा लागलंच. दाराशी तिकिटं तपासायला वेंडल क्रीमर होता. गोरा, साठीचा, निवृत्त औषधविक्रेता, रुमालात वाटाणे लपवणाऱ्यांपैकी एक.

"मिस ओडेसा! या, या! तुमची जागा बाल्कनीत आहे," तो म्हणाला. मग तिच्या काठीकडे बघून अदबीने म्हणाला, "पण हा जिना नका चढू. चौतीस पायऱ्या आहेत. आम्ही मुद्दाम लिफ्ट बसवली आहे. जरा बाहेर जाऊन बाजूनं या. त्या बोळातून."

लुव्हेनियाने डोळे मिटून घेतले.

ओडेसाने वेंडलकडे पाहिलं. चेहरा अगदी निर्मळ, मदत केल्याच्या आनंदाने फुललेला. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

"वेंडल," ती म्हणाली, "हा जिना कुणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी, मॅडम."

"झालं तर मग."

"अगं, लिफ्ट आहे लिफ्ट!" लुव्हेनिया कुजबुजली. "तुझ्या गुडघ्यांना इतिहास कळत नाही. पाच मिनिटांत पहिलं गाणं सुरू होईल. आईचं गाणं हवंय की जिना?"

"दोन्ही."

"दोन्ही मिळायला तू काय पंचविशीची आहेस? मी निघाले बोळातून. जागा मिळत असेल तर मी धुराड्यातूनही जाईन."

लुव्हेनिया गेली. ओडेसाने कठडा धरला. पायाखाली लाल गालिचा होता. लहानपणी या जिन्यावर आडवी दोरी बांधलेली तिने बाहेरून काचेतून पाहिली होती. बारा पायऱ्या बऱ्या गेल्या. पंधराव्या पायरीला उजव्याने बंड केलं. अठराव्या पायरीवर वळणाशी मखमलीचा एक बाक होता. त्यावर ती बसली, हॅट काढून वारा घेऊ लागली, आणि वरून टाळ्यांचा आवाज आला. अजून सोळा पायऱ्या होत्या.

गिटार सुरू झाली.

बाल्कनीचं दार उघडंच होतं. सूर जिना उतरून खाली आले. अलॉन्झोने घाई केली नव्हती. इस्त्री तापायची वाट बघत आई जिथे थांबायची, तिथे तोही थांबला. ओडेसाने हॅट मांडीवर ठेवली. चूक झाली असती तर तिने इथूनही पकडली असती. चूक नव्हती.

दुसऱ्या कडव्याला वरून कुणीतरी धापा टाकत आलं. लुव्हेनिया. "सरक," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

"तुझी महागाची खुर्ची?"

"ती काय पळून जाते? तुला ऐकताना बघायचं होतं."

गाणं संपेपर्यंत दोघी तिथेच बसल्या. मग उरलेल्या सोळा पायऱ्या मध्ये दोनदा थांबून चढल्या.

मध्यंतरात अलॉन्झो घामाघूम होऊन बाल्कनीत आला. "ओडी, पहिल्या गाण्याला तुझी खुर्ची रिकामी होती. मी पाहिलं."

"जिन्यात होते."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे चुकलंच."

"तुझं काही चुकलं नाही. शेवटी ड्रमवाला घाई करत होता, त्याला सांग."

अलॉन्झो कपाळाचा घाम पुसायला लागला. मग एवढ्या मोठ्याने हसला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर ओडेसा म्हणाली, "चल, लिफ्टने जाऊ."

"आता चालते का?" लुव्हेनिया म्हणाली.

"आत यायचं ते पुढून. मला वाटेल तिथून बाहेर पडेन."

लिफ्टचं दार बोळात उघडलं. समोर संध्याकाळच्या कार्यक्रमाला आलेली एक गोरी म्हातारी चाकाच्या खुर्चीत बसून वाट बघत होती, आणि तिच्या सुनेला कुठलं बटण दाबायचं ते कळत नव्हतं. ओडेसाने काठीने दार अडवून धरलं.

"वरचं दाबा," ती म्हणाली. "आणि डावीकडे बसा. उजवीकडे खांब आड येतो."

"तुम्ही नेहमी येता वाटतं इथे?" म्हातारीने विचारलं.

ओडेसाने हॅट नीट केली.

"लहानपणी यायचे," ती म्हणाली.