ओव्हरटाइम पेन्शनीत धरत नाहीत

पावसाळ्यात सासुरवाडीला, वडिवळ्याला, भाताची लावणी करायला जायचं नसेल तर नवऱ्याने काय करावं? मी ओव्हरटाइम केला. लोणावळ्यात मी पाणीपुरवठ्याला नोकरीत होतो. रविवारी हॉटेलं भरली की पाणी जादा सोडावं लागे, आणि त्या कामाला सगळ्यांच्या आधी माझा हात वर. बायकोला थाप मारली, की ओव्हरटाइम पेन्शनीत धरतात. आज एक रविवार भरला की म्हातारपणी जन्मभर पुरतो. ती एकटीच माहेरी गेली. मग लावणीच काय, मेव्हण्यांची लग्नं, बारशी, जत्रेचं मटण, सगळं मी पेन्शनीच्या नावावर टाळलं. मटणाचं मात्र वाईट वाटायचं.

आता खरं सांगतो. पेन्शन काढतात शेवटच्या मूळ पगारावर. ओव्हरटाइमचा छदामही त्यात धरत नाहीत. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

निवृत्ती जवळ आली. पेन्शनच्या कागदांवर बायकोचीही सही लागते, म्हणून तिला कचेरीत न्यावं लागलं. आदल्या दिवशीच मी आस्थापनेतल्या बाईंपुढे हात जोडले होते, की ओव्हरटाइमचा विषय निघाला तर नुसतं हो म्हणा. बाई भडकल्या. तुमच्या भानगडीत खोटं बोलायला मी इथे बसले नाही, म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं, पण तेव्हा रागच आला.

सही झाली आणि बायकोने नको तेच विचारलं, की यांचे रविवार यात कुठं लिहिलेत? बाईंनी सरळ सांगून टाकलं, ते धरत नाहीत, कधी धरतही नव्हते. मेलो, म्हटलं. आता इतक्या वर्षांच्या लावण्या ही एकदम करून घेणार.

"ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझा भाऊ पंचायतीत कारकून हाय. त्यानं पयल्याच साली सांगितलं व्हतं."

मग ती बाईंकडे वाकली. "ह्ये एकदाच आलते लावणीला. लावली तेवढी रोपं सांजच्याला वर तरंगत व्हती. ह्ये नसले की आमी भावंडं लय मजेत असतो बघा. रिटायर झाल्यावर बी ह्यांना रविवारचं काम देता येतं का?"

इतक्या वर्षांत सासुरवाडीहून मला एकदाही आग्रह झाला नव्हता, आणि मी ते स्वतःची हुशारी समजत होतो. लागलं हो मनाला.